साहेबांचं नांदरूक

११ फेब्रुवारी ७३, रविवार
काल शनिवार, अर्धा दिवस. येताना साहेबांचं नांदरूक घेऊन आलो. बोन्साय. वडाच्या जातीतलं, वय सतरा, उंची वीतभर. साहेब मद्रासला, जूनअखेर परतणार. "तोवर तुम्हीच सांभाळा." त्यांच्या कै. पत्नीने वाढवलेलं झाड. अख्ख्या सेक्शनमधून मलाच निवडलं. हुरळून गेलो, खोटं कशाला लिहू.
सोबत टाइप केलेला कागद. झाड घरातच, खिडकीपाशी. ऊन सकाळचंच. दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवणे, शेंडे खुडणे. माती सुकू न देणे.
बाबा बराच वेळ बघत बसले. "सतरा वर्साचा? नि यवराच?" मग सौ.ला म्हणाले, "याला जेवाला देत नसतील."

२५ फेब्रुवारी
कुंडी फिरवली, शेंडे खुडले. पाण्याची पंचाईत. पंचायतीचा नळ वीस मिनिटं, ते प्यायला आणि डाळीला. झाडाला बिल्डिंगच्या विहिरीचं, सकाळी दोन पेले. हौस वाटतेय. ऑफिसात सगळे विचारतात, मी तज्ज्ञासारखा बोलतो.

१८ मार्च
पानांची टोकं करपली. कागदात लिहिलंय: टोकं तपकिरी म्हणजे पाणी कमी. दोनाचे चार पेले केले. मातीवर पांढरी साय धरलीय.
बाबांनी बोट ओलं केलं, मातीला लावलं, जिभेवर ठेवलं. "मीठ हाय."
मी हसलो. म्हटलं, बुरशी आहे ती, हवा कोंदट. चाळीस वर्षं मिठागरात घालवली की सगळीकडे मीठच दिसायचं, असंही म्हणालो. गंमत म्हणून. सौ. हसली नाही.

१ एप्रिल
साहेबांचे एक स्नेही दादरहून मुद्दाम झाड बघायला आले. बोन्सायचे जाणकार, पायात चकचकीत बूट. मी नुसता पुढेपुढे करत होतो. तेवढ्यात बाबा आतून आले, उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा.
"सायेब, इहिरीचा पानी खारा हाय. त्यानं जलतंय."
स्नेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. आत बसा."
बसले. चहा आतच घेतला. स्नेह्यांनी बुरशीची पावडर लिहून दिली.

३ एप्रिल
संध्याकाळी घरी आलो तर बाबांची पिशवी खुंटीला नाही. गावी गेले, खारीला, माझ्या धाकट्या भावाकडे. सौ.ला सांगून गेले, "थोरं दिस र्‍हातू तिकरं." मला चिठ्ठी नाही, निरोप नाही. म्हटलं जाऊ दे, चार दिवसांत येतील.

२२ एप्रिल
आले नाहीत.
पावडरीचा काही उपयोग नाही. पानं रोज गळतायत, खालच्या दोन फांद्या उघड्या पडल्या. साहेबांना काय तोंड दाखवू?
सौ. म्हणाली, "एकदा चाखून तरी बघा ना."
चाखलं. मीठच. लहानपणी बांधावर बसून चाटायचो तेच. खारीत जन्मलो, शाळेची फी मिठावर भरली गेली, आणि टाइप केलेल्या कागदापुढे बापाची जीभ खोटी ठरवली. माझीच मला लाज वाटतेय. चार पेले! रोज सकाळी मीच मीठ ओतत होतो.

२९ एप्रिल
खारीला जाऊन आलो. बाबा अंगणात सुतळी वळत होते. आलास का म्हणाले, बस म्हणाले. झाडाचं सांगितलं.
"खाऱ्या शेताला काय करतूं? गोडा पानी भराचा, मुरवाचा, खालून सोडून देवाचा. तीन टायमाला. मंग आठ दिस हात नाय लावाचा."
मी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. ते माझ्या पेनकडे बघत राहिले.
घरी आलो तर सौ. दारातच. "बाबा कुठायत?"
तासभर बसून मी झाडाचंच विचारून आलो होतो. घरी चला म्हणायचं राहूनच गेलं. राहून गेलं लिहितोय, पण खरं म्हणजे—

२ मे
नळाचं पाणी दोन दिवस साठवलं. तीनदा कुंडी भरली, सोडली. खालून गळालेलं पहिलं पाणी चक्क खारट. तिसरं बरंच गोडं. आमच्या डाळीला विहिरीचं पाणी, शिजलीच नाही. तशीच खाल्ली. सौ.ला बाबा हवेत, झाड नव्हे.

२० मे
दोन कोंब! तांदळाएवढे. सौ.ला हाक मारली. नंतर लक्षात आलं, आधी बाबांनाच हाक मारली होती.

२७ मे
खारीला गेलो, जवळजवळ पळतच. बाबा विहिरीवर होते. कोंबाचं सांगितलं. चेहरा खुलला, मी पाहिला.
"बेस झाला."
म्हटलं, चला ना घरी, बघायला.
"सायेबाचा झाड हाय. सायेबाला दाव."
रागाने म्हणाले असते तर परवडलं असतं. साधेपणाने म्हणाले आणि पोहरा आत सोडला. ते पाठमोरे दोर ओढत होते, रहाट करकरत होता. तेव्हाच म्हणून टाकलं, "बाबा, त्या दिवशी माझं चुकलं."
वळले नाहीत. पोहरा घागरीत ओतला, पुन्हा आत सोडला. ऐकलं की नाही, कळलं नाही. रहाट थांबला तेव्हा परत सांगायला हवं होतं. थांबला, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "येतो मी."