सासऱ्यांना कळवलेल्या शिरा

कुरखेडा,
ता. ८ जुलै १९८६

तीर्थरूप बापूमामांस,

खुशालचा सविनय जयभीम. वि. वि. आईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आहेत. दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'व्हेरिकोज व्हेन्स' असे लिहून दिले. मी इतका घाबरलो की अर्थ विचारायचा राहून गेला. आपण चंद्रपूरच्या दवाखान्यात तीस वर्षे मलमपट्टी करणारे ड्रेसर होता, म्हणून विचारतो : हा शब्द कुठला, आणि याने माणूस दगावतो काय?

दुसरी गोष्ट अशी. लग्नाआधी सर्व खरे कळवावे, म्हणून माझे होणारे सासरे, वच्छलाचे वडील गुणवंतराव यांना मी हे नाव पत्रात लिहून टाकले. आठ दिवस झाले, उत्तर नाही. आई म्हणते की येड्या, पोरीवाल्याले कोणी सासूचे पाय लिहून पाठवते काय? सोयरीक मोडली तर जन्मभर चूल मलेच फुंकावी लागेल, असेही म्हणते.

आपला भाचा,
खुशाल

चंद्रपूर,
ता. १५ जुलै

चि. खुशाल यास,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आमच्या जुन्या डॉक्टरसाहेबांना दाखवले. ते आधी हसले, मग जाड पुस्तक काढले. शब्द लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांचा. फुगून वेडीवाकडी झालेली शीर म्हणजे त्यांची 'व्हॅरिक्स', त्यावरून व्हेरिकोज. व्हेन्स म्हणजे शिरा. शिरांतल्या झडपा सैल पडल्या की रक्त वर चढत नाही, पायातच तुंबते. तू डोळ्यांनी पाहिलेस तेच डॉक्टरांनी परक्या भाषेत लिहिले, एवढेच.

सहसा कोणी दगावत नाही. पण जखम झाली, रक्त आले किंवा पाय एकाएकी सुजला तर दवाखाना गाठा. तुझ्या आईला, सुगंधाला म्हणावे, जन्मभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केलास, आता मधून मधून पाय उशीवर ठेवून लोळ.

बाकी तुझे काय सांगावे! लग्न जुळवतोस की दवाखान्यात भरती व्हायचा फॉर्म भरतोस? आता कृपा करून गुणवंतरावांना आणखी खरे कळवू नकोस.

तुझा मामा,
बापूराव

कुरखेडा,
ता. २७ जुलै

तीर्थरूप मामांस,

सविनय जयभीम. सोमवारी गुणवंतराव आणि वच्छलाची आई केसरबाई स्वतःच आले. त्या नावाचा अर्थ गावात कोणालाच सांगता आला नाही, तेव्हा एखादा लागण होणारा रोग असेल असे ठरवून ते सोयरीक मोडायला आले होते. चहासुद्धा घेईनात.

मी आपले पत्र वाचायला घेतले. फुगलेल्या शिरांपर्यंत आलो तर केसरबाईंनी लुगडे वर सरकवले आणि म्हणाल्या की असं हाय तर हे दुखणं मलेबी हाय, पाहून घ्या. आईने लगेच आपली पोटरी पुढे केली. मग कोणाची शीर जाड, यावरून दोघींची पैज लागली. गुणवंतराव मान वळवून कोंबड्या पाहत राहिले. शेवटी केसरबाईच त्यांना म्हणाल्या की मोडा आता सोयरीक, अन् मलेबी माहेरी नेऊन घाला. त्यावर त्यांनी गुपचूप चहा मागितला.

धान कापून झाले की लग्न.

पण काल वच्छलाची चिठ्ठी आली. सासूचे दुखणे खरे कळवले ते तिला आवडले. आता तुमच्या स्वतःच्या खोडीही तशाच लिहून पाठवा, मग मी होकार देते, असे लिहिले आहे. कालपासून तिसरे पान चालू आहे. घोरतो हे लिहावे, की तिचे तिला कळू द्यावे, ते उलट टपाली कळवावे. लोभ आहेच, सोबत जोडलेली खोडींची तीन पाने वाचूनही राहू द्यावा.

आपला,
खुशाल