हदगावच्या शेतातला समुद्रकिनारा

मी, श्रीमंत केरबा पाईकराव, वय चौपन्न, धर्म बौद्ध, व्यवसाय भूगर्भशास्त्राची प्राध्यापकी, राहणार लातूर, जिल्हा लातूर (गेल्या वर्षापर्यंत उस्मानाबाद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. हृदय थकले आहे. डोके शाबूत आहे.

लातूरचे घर व बँकेतली शिल्लक पत्नी सुमनबाई हिची. भिंग, पुस्तके व हातोडा मुलगी पंचशीला हिचा. हातोडा तिने कपाटात ठेवू नये, वापरावा.

हदगावच्या शेतातला माझा निम्मा हिस्सा धाकटा भाऊ दगडोबा यास. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही, म्हणून कारण नमूद करतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही विहीर खणत होतो. तळाशी वाळूच्या खडकाची फरशी लागली, दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. मी उतरून तिच्यावर तळहात ठेवला. फार पूर्वी, मासेही नव्हते तेव्हा, उथळ किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूवर सूक्ष्म जीवांचा चिकट थर धरला होता. लाटांनी तो चुरगाळला, वर वाळू साचली, त्याचा दगड झाला.

“इथं समुद्र होता, दगडोबा! सुरुंग लावू नको.”

“आसंल, दादा. पर माय घागर घिऊन वर बसलीय. तिला काय सांगू?”

त्याने सुरुंग लावला. किनाऱ्याच्या चिपा उडाल्या. पाणी लागले, सारी वस्ती त्यावर जगली. मी तांब्यालाही हात न लावता एसटी धरली.

हिश्श्याला अट एकच. बांधाखाली त्याच फरशीचा तुकडा उघडा आहे, तिथे सुरुंग लागू नये. पंचशीलाला तिथे हवे तेवढे बसू द्यावे, ही विनंती. अजून स्वप्नात मी तिथे चालतो. झाड नाही, पाखरू नाही. पायाखाली मऊ थर आणि तोंडावर खारा वारा. शोधनिबंधात हे लिहिता येत नव्हते, इथे लिहितो.

काल दगडोबाला बोलावून इथवरचा मजकूर वाचून दाखवला.

“दादा, त्या समुद्राला भरती येत व्हती का?”

“येत होती.”

“कशी, ते सांग की.”

दिवे लागले तरी मी सांगत होतो. सुमनबाईने दोघांची ताटे एकत्र वाढली.

हे सारे माझ्या मनासारखे लिहिले गेले आहे, म्हणून खाली सही करतो.

श्रीमंत केरबा पाईकराव

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार शेजारी:
१. चंद्रप्पा बिराजदार, मूळ निलंगा
२. शांतम्मा चंद्रप्पा बिराजदार

लातूर, ९ नोव्हेंबर १९८३