टाकीतलं विरजण

१६ ऑक्टोबर
लिही रे फोना! नातू सुरज म्हणाला, "आजी, मला शिफ्टमुळं वेळ न्हाई. याच्याशी बोलत जा, तो लिहून ठेवतो." बोलायला माणूस न्हाई म्हणून यंत्र आणून दिलं. शहाणा! मला वाचता येत न्हाई, तेव्हा हा काय लिहितो देवाला ठाऊक.

तेजल आलती — गोठ्याचं पाणी तपासणारी पोर. म्हशींचं मूत-पाणी औंदाच बसवलेल्या दोन टाक्यांतून जातं. त्यात जिवाणू हायेत, डोळ्याला दिसत न्हाईत. पहिल्या टाकीतल्यांना हवा लागते, दुसरीतल्यांना सोसत न्हाई. दोघं मिळून मुतातला नायट्रोजन काढून हवेत सोडतात. म्हटलं, दोन जावाच की गं! एकीला ओट्यावर बसायचं, एकीला दार लावून. हसली. मग म्हणाली, "आजी, शेजारच्या सोसायटीची वासाची तक्रार आहे. पाणी नापास झालं तर गोठा बंद करायला लावतील."
गोठा बंद झाला तर सकाळी उठून मी हाका कुणाला मारू?

१७ ऑक्टोबर
वसुबारस. दरसालासारखा गोठा लख्ख धुतला. फिनाईल ओतलं, बाटल्याच्या बाटल्या! म्हशींत एकच गाय, तिला न् वासराला ओवाळलं. सुरजला ओव्हरटाइम. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी — एकटीनं खाल्ली.

२० ऑक्टोबर
टाकीला घाण वास. डोळे चुरचुरतात. तेजलला फोन लावला.
"आजी, गोठ्यात काय टाकलंत?"
"सणाची सफाई केली."
फिनाईल किती ओतलं ते इचारलं. मग म्हणाली, "फिनाईलनं मेले असतील सगळे."
सणासुदीला, माझ्याच हातानं!
चालू टाकीतला गाळ आणून घातला तर पुन्हा धरतील म्हणते. म्हणजे विरजण! ते कळतं मला. पण चिखलीत आमच्या बाजूला दुसरा गोठा एकच, चिमाबाईचा. बांधावरून भांडलो, तेव्हापासून आमी बोलत न्हाई. बांध कवाच बिल्डरकडं गेला, त्यावर टोलेजंग बिल्डिंग हाय. अबोला तेवढा आमच्याकडं राहिला.

२१ ऑक्टोबर
गेले न्हाई.

२२ ऑक्टोबर
पाडवा. गेले. चिमा ओट्यावर बसलेली. हातातला कॅन बघून म्हणते, "फराळाला एवढा मोठा डबा?"
"फराळ ऱ्हाऊ दे तुला. टाकीतला गाळ दे."
"अख्ख्या गावात माझा गाळच आवडला व्हय, भागे?"
भागे! या नावानं हाक मारणारं आता कोण उरलंय?
मला गोठ्याकडं येऊ दिलं न्हाई. आपणच भरून आणला, आणखी एक कॅन स्वतःचा. "दोन्ही टाक्यांतला येगळा येगळा हाय. अदलाबदल करू नकोस, येंधळे."

९ नोव्हेंबर
पास! तेजल फोनवर ओरडलीच. सुरज झोपलाय, रात्रपाळी. सांगू कुणाला? म्हशीच्या कानात सांगितलं. तिनं शेपटी मारली. उद्या चिमाला सांगते.

१० नोव्हेंबर
चिमाच्या दाराला कुलूप. शेजारची शालनबाई म्हणाली, "लेकानं नेली तिला वाकडला, फ्लॅटवर. म्हशी तर नवरात्रातच विकल्या. तरी बया टाकीची मोटर बंद करू देईना. कुठनं कुठनं शेण मागून आणायची, कालवून घालायची. कशाला गं, म्हटलं, तर म्हणायची — गावात लागंल कुणाला तरी."
गावात दुसरा गोठा कुणाचा हाय?
माझाच.