गाडीखालून न गेलेला नारळ

बाबा,

हिशेबाच्या वहीतलं कोरं पान फाडायचं जिवावर येतं, म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या लेकीचा जन्मही झाला नव्हता. आता ती स्वतः आई झाली आहे, म्हणजे तुम्हाला नातजावई आहे, आणि त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. दुसऱ्या कोणाशी बोलायची सोय नाही. जावयाबद्दल बोलायचं तर घरातले सगळे आधी दार लावून घेतात आणि मग मलाच गप्प करतात.

लेक वैभववाडीला दिली. घर बरं, सिमेंट-पत्र्यांचं दुकान, जावयाची जुनी फियाट. तिला सातवा लागला तसं तिला बाळंतपणाला धामापूरला आणायचं ठरलं. जावयाचं कार्ड आलं, "गाडी खाली करून घेतली आहे, येताना एस.टी.ची काळजी करू नये." मी समजले, दुकानाचा माल उतरवून गाडी मोकळी केली असेल, लेकीला पाय पसरून बसता यावं म्हणून. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी भगवतीपाशी तुपाचा दिवा लावला, तेलाचा नव्हे. जाताना एस.टी.ने गेले, आणि वैभववाडीला त्यांच्या घरापुढच्या खळ्यात पाय ठेवते तो काय, गाडी जमिनीला पोट लावून बसलेली, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी.

जावई म्हणजे मोठ्या कौतुकाने भोवती फिरत होते. कोल्हापूरच्या कुठल्या गॅरेजात पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापून घेतलेले, मागच्या स्प्रिंगांच्या थरातला एकेक लोखंडी पाटा काढून टाकलेला. परदेशी शर्यतीच्या गाड्या अशाच असतात म्हणे, वळणावर रस्त्याला चिकटून जातात. मी विचारलं, शॉकअप तेच ठेवले का. ते म्हणाले, हो, ते कशाला बदलायचे, चांगले आहेत की. टायर मडगार्डला लागत नाही ना, विचारलं. त्यांनी मला चाक दाखवलं, मध्ये बोटं जातील एवढी फट होती. रिकाम्या गाडीत होती. बाबा, मला तेव्हाच तुमचा आवाज ऐकू आला, पण लेकीच्या सासरी, विहिणीच्या देखत, जावयाच्या हौसेला नावं ठेवायची कशी? विहीणबाई तर म्हणत होत्या, "कशी नव्या नवरेसारकी खाली बघता मगो." मी हसले. माझंच हसू मला कडू लागलं.

परतताना पुढे जावई आणि त्यांचा भाऊ, मागे मी, लेक आणि विहीणबाई, डिकीत बॅगा आणि फणस. मोठ्या रस्त्यावर ठीक होतं. धामापूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीने आपला खरा स्वभाव दाखवला. खड्डा आला की स्प्रिंग दबून संपायची आणि लोखंडावर लोखंड आपटायचं. तो धक्का सरळ पाठीच्या कण्यात यायचा. लेकीने दोन्ही हातांनी पोट धरलेलं. ओठ पांढरे. मी म्हटलं, हळू घ्या. ते म्हणाले, "आई, हळू घेतली तर जास्त आपटते." वळणावर टायर मडगार्डला घासायला लागला आणि रबर जळल्याचा तो वास आला, जो मी लहानपणानंतर कधी घेतला नव्हता. पुढे ओहोळावरच्या एका साकवाच्या चढाला जांभ्याचा दगड वर आलेला होता. त्यावर गाडीचं पोट बसलं. असा आवाज झाला की लेक किंचाळली. इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर फुटलं होतं. सगळं ऑईल लाल मातीवर पसरत गेलं, काळं, गरम, घाणेरडं.

पुढचं तुम्हाला सांगायला लाज वाटते. लेकीला मी खाली उतरवत होते, पोटात दुखतंय का विचारत होते. आणि हे गृहस्थ उतरले, वाकले, आणि आधी त्यांनी मडगार्डवर हात फिरवला. चरा पडला होता तिथे बोट लावून पाहिलं. मग रुमालाला थुंकी लावून पुसलं. मग भावाला म्हणाले, "पेंट गेला रे." बायकोकडे त्यानंतर बघितलं. बाबा, मला शिसारी आली. शिव्या देणारा माणूस परवडतो. ते थुंकीने पुसणं मी अजून विसरत नाही, भाकरी थापताना आठवलं तरी हात थांबतो.

साकवाच्या कठड्यावर बसून लेकीने पाणी प्यायलं. नंतर एक बैलगाडी आली, त्यात पेंढा पसरून तिला घरी आणलं. देवीच्या कृपेने पुढे सगळं नीट झालं, मुलगा झाला, तुमच्यासारखं कपाळ आहे. पण त्या कठड्यावर बसून मी तुमचाच विचार करत होते. तुमच्या टॅक्सीचा.

तुम्हीही एकदा हेच केलं होतंत ना? कोणा डॉक्टरीणबाईंना गचके बसतात म्हणून मागचा पाटा काढलात, गाडी मऊ झाली, तुम्ही खूश. मग जत्रेचा दिवस. गाडीत वाडीतल्या बायका खचाखच, मांडीवर पोरं, मी तुमच्या शेजारी, आई मागे ओटीचं ताट घेऊन. उतारावर चाक घासतं, रबराचा वास येतो, मागे बायका नाकाला पदर लावतात. तुम्ही गाडी बाजूला घेता आणि हात जोडता. म्हणता, "चूक माझी आसा. उतरा, चलत जावया." आणि रिकामी गाडी हळूहळू आमच्या मागून आणता, वरातीतल्या घोड्यासारखी. बायका दिवसभर तुमची टर उडवतात. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तुमच्या ताटात माशाची कढी वाढता वाढता म्हणते, "तो काढललो पाटो खंय ठेवलास? माका दी. चुलीम्होरं बसूक होतलो." तुम्ही खाली मान घालून जेवता. दुसऱ्या दिवशी पाटा परत बसवता.

त्यानंतर तुमची ती पद्धत सुरू झाली. गाडीला काहीही केलं की गाडी माणसांनी भरायची, आणि मग असोला नारळ, वरचं सोडण न काढलेला, गाडीच्या खालून या अंगाने त्या अंगाला लोटायचा. गेला तर आपल्या रस्त्यावर गाडी चालणार. अडकला तर नाही. मी एकदा हसले, गाडी काय नारळाला वाट द्यायला आहे का म्हणून. तुम्ही मला कधी रागावत नसा, त्या दिवशी रागावलात. "हसतंस कित्या? रिकामी गाडी बघून काय कळता? उद्या हेच्यात तुझी आवस बसतली."

आता गेल्या महिन्यातलं. बाळाला घेऊन लेक सासरी निघायची होती. जावई आले, त्याच गाडीतून. चेंबर नवीन बसवलेलं, रंग नवीन लावलेला, स्प्रिंगा त्याच. या वेळी भावाऐवजी बहिणीला आणलं होतं, विहीणबाई होत्याच. मी ह्यांना आत बोलावून सांगितलं, त्या गाडीतून बाळ जायचं नाही. हे म्हणाले, "जावयाक खळ्यात उभो करून सांगतलंस? विहीणबाय काय म्हणतीत? लोक काय म्हणतीत?" कोण काय म्हणेल याची यादी ह्यांच्या तोंडपाठ असते. मग खळ्यात सगळे जमले. घरातले थोरले म्हणून चुलत सासरे देवीकडे मागणं मागायला, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाडीवर हार, चाकाखाली लिंबं.

"बा देवी भगवती माये, आज ह्या चेडू आपल्या बाळाक घेवन सासराक चल्ला आसा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जावयान हौसेन गाडी केल्यानी आसा, ती तेंका लाभूं दी."

"होय म्हाराजा." ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. ज्या माणसाने त्या दिवशी बैलगाडीतून उतरलेल्या लेकीचा चेहरा पाहिला होता, त्याचा. बाबा, तुम्हाला माहीत आहे माझी देवीवर किती श्रद्धा आहे. पण त्या क्षणी ती तीन-चार डोकी एका सुरात हलताना बघून मला त्या होयचीच चीड आली. देवीसमोर एवढं स्वस्त होय कोणी म्हणावं?

"ह्याच गाडयेतसून आवस नि बाळ सुखरूप पोचूं दी."

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

पदर डोक्यावर होता, आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. चुलत सासरे थांबले. आजवर त्यांच्या गाऱ्हाण्याला कोणी नाय म्हटलं नसेल. त्यांनी मागे वळून विचारलं, "काय गो, काय झाला?"

मी म्हटलं, "गाडी भरा. जाणारी सगळी बसा, सामान ठेवा. मगे खालसून असोलो नारळ काढून दाखवा. गेलो तर मी होय म्हणतंय."

जावई हसले. "आई, हे काय नवीन? देवीला गाडीचं माप लागतं होय?" पण ते घाबरणारे नाहीत, लगेच गाडीत बसले, बहिणीला, आईला बसवलं, बॅगा चढवल्या. बाळाला घेऊन लेक शेवटी बसली, माझ्याकडे न बघता. मागच्या पडवीतल्या ढिगातून मी नारळ आणला. ह्यांनी तो लोटला. तो अर्ध्यावर गेला आणि चेंबरखाली अडकला. ह्यांनी काठीने ढोसलं, मग गुडघ्यावर बसून ढोसलं. नारळ हलेना. आत बसलेल्या विहीणबाई विचारत होत्या, गेलो काय, गेलो काय. शेजारच्या बायका पदरात हसत होत्या.

चुलत सासऱ्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाले, "देवीन कौल दिल्यान. गाडी उचलल्याशिवाय चेडू जावचा नाय."

जावयाला सासू खोटी ठरवता येते, कौल नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते आले तसे गेले, आणि कोल्हापूरला नवीन स्प्रिंगा, काढलेले पाटे, सगळं परत बसवून आले. लेक गेल्या आठवड्यात गेली. जाताना नारळ पुन्हा लोटला, आणि तो या अंगाने त्या अंगाला गडगडत गेला, बाळ बघून हसलं. आता जावई दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात म्हणे की आमच्या गाडीला भगवतीचा कौल मिळालेला आहे. ह्यांनी देवीला साडी नेसवली. वाडीत मला लोक वाट देतात. मला त्याचीही किळस येते, पण मी काही बोललेले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? तिकिटाचा खर्च वाचला एवढंच. देव्हाऱ्यामागे खोचून ठेवीन म्हणत होते, पण तिथे ठेवायला मन होत नाही. कारण तुम्ही नारळ लोटायचात तो मध्यम असायचा, हाताला येईल तो. मी मात्र त्या दिवशी पडवीत बराच वेळ उभी होते, आणि ढिगातला सगळ्यांत मोठा शोधून काढला. लेक जाताना लोटला तो दुसरा होता, मध्यम.