रांगेत अडकलेली चार पानं

सोमवार, ४ मार्च
साठी उलटून सात वर्षं झाली आणि मी पुन्हा नोकरदार झालो! लाकूड-कारखान्याच्या कचेरीत. सूनबाईच्या ओळखीनं मिळालं. ती इथेच मोठ्या करवतीवर आहे. मुलगा गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. करवतीच्या लयीवर शाळेत शिकवलेल्या कविता आपोआप ओठांवर येतात. सूनबाईनं दम दिला, "बाबा, इथे पाठांतर नाही, टायपिंग करायचं."

काम अपघातांची पत्रकं करायचं. माझ्या पडद्यावर दिसतो तो मुख्य कचेरीतला संगणक. तो इथून दुरून चालवायचा, आणि पान मात्र माझ्या टेबलावरच्या प्रिंटरमधून यायला हवं. ते येत नाही. तिकडच्या यादीत माझा प्रिंटर कधी दिसतो, कधी गायब. चार पानं छपाईच्या रांगेत अडकलीत. साहेब म्हणाले, आजोबा, एवढं जमवा, तुमचा जाहीर सत्कार करू.

मंगळवार, ५ मार्च
जमलं! जोडणी तोडून पुन्हा जोडली. 'इथला प्रिंटर सोबत घ्या' या चौकटीत खूण केली. तिकडचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, जुनाट निघाला, तो मुख्य कचेरीतल्या तंत्रज्ञाकडून फोनवर बदलून घेतला. मग छपाईची सेवा बंद करून चालू. प्रिंटर कुरकुरला आणि ऊन ऊन पान बाहेर आलं. जूनमधल्या नव्या पाठ्यपुस्तकाचा वास! गहिवरून आलं.

पानावर रंधायंत्रावरचा कामगार. उजवा हात, कोपरापर्यंत. वेळ ११.२०. भिंतीवरच्या घड्याळातही ११.२०. जुनं पत्रक असेल म्हणून बाजूला ठेवतोय तोच किंकाळी. धावलो. हात यंत्राच्या पलीकडे भुश्शात पडला होता. बोटं अजून मिटत होती, उघडत होती.

बुधवार, ६ मार्च
दुसरं पान आपोआप आलं. त्याच क्षणी पॉलिशवालीचे केस यंत्राच्या पट्ट्यात गेले, डोक्याच्या कातडीसकट. ती उभीच होती. चेहऱ्यावरून रक्ताचा पडदा ओघळला आणि मग ती बसली.

ही पानं मी टाइप केलेली नाहीत. वेळेचा रकाना रांगेत कोरा असतो, छापताना भरतो. अडकलेलं होतं तोवर माणूस सुखरूप होता. दुरुस्त मी केलं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, आजोबा, कवी माणूस तुम्ही, रक्त बघून हललात. बोलता बोलता मागे प्रिंटरमधून पान सरकलं. काच फुटली. करवतीवरून उडालेली फळी त्यांच्या डोळ्यातून घुसून खुर्चीच्या पाठीत रुतली. तोंड हसतंच राहिलं.

गुरुवार, ७ मार्च
चौथं पान रांगेतच उघडून पाहिलं. सूनबाईचं नाव. 'डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत.' वेळ कोरी.

चौकटीतली खूण काढली. प्रिंटर यादीतून गेला. पान मात्र खोडता येत नाही. परवानगी नाही म्हणतं. सूनबाईच्या पाया पडलो, उद्या जाऊ नकोस. ती रडली. म्हणाली, बाबा, मुख्य कचेरी काम थांबवत नाही, आणि मी थांबले तर आपण काय खायचं?

शुक्रवार, ८ मार्च
पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतोय. तंत्रज्ञ तिकडून दुरुस्ती करतोय! फोनवर ओरडलो, नको. तो म्हणाला, आजोबा, घाबरू नका, साहेबांच्या अपघाताचं पत्रक तुम्ही अजून छापून पाठवलेलं नाही ना. खूण परत केली त्यानं.

प्रिंटरची वायर उपटली. दिवा जळतोच. पान येतंय—

उजवा हात प्रिंटरच्या रुळांत घातला. तीन बोटं गेली, हाडं करकरली. पान अर्धं आत अडकलं. हातही. डाव्या हातानं लिहितोय. वेळ अजून कोरी. ती जिवंत आहे. असाच बसेन. जन्मभर—

फोनवर तो पुन्हा. म्हणतो, अडकलाय होय, मग दुसऱ्या प्रिंटरवर वळवतो.

यादीत नव्या प्रिंटरचं नाव. करवतखातं.

हात सुटत नाही. उपटतोय, मनगटाची कातडी— तिला हाका मारतोय, दाराबाहेर समोरच ती— ऐकलं! ती वळली, करवतीकडे पाठ करून माझ्याकडे बघतेय, काय झालं बाबा म्हणून— नको, वळू नकोस, मागे—

वेळ भरली. ४.०—