पहिला विळा

आई, तुळस भरात आली आहे आणि मला काही सुचत नाही. मंजिऱ्या खालून तपकिरी व्हायला लागल्या. बी धरलं की तेल आटलं, असं तूच सांगायचीस. तू गेल्यावरची पहिली कापणी, गेल्या वर्षी मी घाई केली, फुलायच्या आधीच कापली. पाल्याचा ढीग लागला, तेल काढायची भट्टी पुन्हा पुन्हा भरली, आणि तेल निघालं ते पातळ, वासाला मिळमिळीत. व्यापाऱ्यानं हुंगून डबा परत दिला. यंदाही तसंच निघालं तर तो यायचा नाही. दादा तर हे रान बंगलेवाल्यांना दाखवायला टपलेलाच आहे. तुझी भट्टी भंगारात जाईल गं.

तुळशीचं लग्न अजून व्हायचंय. दर वर्षी याच दिवसांत कापणीच्या बायका अडायच्या, "लगीन लागायच्या आदी नवरीला कापायची व्हय?" तू वाद घालत नव्हतीस. बांधाकडचं एक झाड निवडायचीस, त्याला हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. "ही नवरी. हिला कुणी हात लावायचा न्हाई. बाकीच्या समद्या करवल्या, चला." बायका हसतात, पदर खोचतात. दव वाळेपर्यंत तू सगळ्यांना थांबवतेस, मंजिरी चुरगाळून माझ्या नाकाशी धरतेस, "आत्ता," म्हणतेस आणि पहिला विळा स्वतः लावतेस. त्या "आत्ता"चा मला राग यायचा. कशावरून आत्ता, ते कधी सांगितलं नाहीस. अजून राग येतो.

आज मीही झाडाला बांगड्या घातल्या, तुझंच वाक्य म्हटलं. कुणी हसलं नाही. तुझ्याबरोबर कापणीला असायची ती मावशी म्हणाली, "तुजी आय म्हणायची तवा पटायचं. बरं, तू पयला विळा लाव. मग आमी हायेच." मी वाकले, मंजिरी चुरगाळली. वास आला, भरपूर आला. पण वेळ आत्ता आहे की कालच होऊन गेली, ते कळेना. विळा न लावताच मी उठले. चुकले तर तुझं सगळं जाईल ही एक भीती. आणि लग्नाआधी कापल्याचं पाप लागेल ही दुसरी. ती माझ्यात आहे हे मला ठाऊकही नव्हतं.

ऊन चढलंय. भट्टीमागे बसून हे लिहितेय. भट्टी पेटलीच, तर हा कागद आधी तिच्यात जाईल. मघाशी दादाचा फोन आला. मी सांगितलं, बायका अडून बसल्यात, लग्न लागेपर्यंत कापत नाहीत म्हणतात.

त्या अडलेल्या नाहीत गं. विळे घेऊन बांधावर बसल्यात, माझी वाट बघत.