सासूबाईंच्या वळणावरून साष्टांग नमस्कार

प्रिय मेहुणेबुवा,

साष्टांग नमस्कार. वयाने आणि नात्याने मी मोठा, तेव्हा नमस्कार तू मला करायचा, हे मला कळतं. पण गेल्या रविवारपासून मी पलंगावर पालथा पडून आहे. कपाळापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळी अंगं गादीला टेकलेली आहेत आणि या अवस्थेत दुसऱ्या कुठल्या जातीचा नमस्कार करताच येत नाही. आलाय तसा पदरात पाडून घे. तुझी तब्येत कशी आहे? नव्या नोकरीत मन रमलं का? तू आणि सासूबाई राहता त्या खोलीत ऊन येतं का? वरचा साहेब बरा आहे का? (ही चौकशी मनापासून आहे. पुढे काही मागणं येणार म्हणून केलेली नाही.) तुझी सायकल खुशाल आहे. म्हणजे बहुतांशी खुशाल आहे. तिच्या पुढच्या चाकाविषयी मी सावकाश लिहीन, घाई काय आहे.

तू गाव सोडताना ती सायकल आमच्या जिन्याखाली ठेवलीस आणि मला बजावून गेलास की दाजी, फक्त हवा भरत जा, वर बसू नका. (जादा चाक मात्र बरोबर घेऊन गेलास, जसा काही तिकडे चाकांचा दुष्काळ पडलाय.) मी तुझा शब्द पाळला. हवा भरत राहिलो, फडक्याने पुसत राहिलो, एकदा तर घंटी वाजवून पाहिली. पण मधल्या काळात तुझ्या ताईने स्वतःसाठी एक जुनी सायकल मिळवली आणि तिथून माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. शहराच्या मोठ्या बागेच्या मागच्या अंगाला ती झाडीची टेकडी आहे ना, जिथे पूर्वी लोक फक्त लपून सिगारेट ओढायला जात, तिथे आता सायकलींसाठी मातीची वाट केली आहे. वर चढायचं, झाडांमधून वळत वळत खाली यायचं. प्रवेशापाशी नकाशाची पाटी आहे, ती लांबून पाहिली तर दवाखान्यातलं आतड्यांचं चित्र वाटतं. वाट अगदी छोटी. तुझी ताई म्हणते, चहाला आधण ठेवून निघालं तर उकळायच्या आत परत येता येतं. मला स्वतःला परत यायला बराच वेळ लागला, आणि तेही दोघींच्या खांद्यावरून, पण ते पुढे.

दर रविवारी ती, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी अशा चौघी तिथे जातात. परत येते तेव्हा कपाळाला चिखल, केसांत पाचोळा आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी मोठा विनोद सांगितल्यासारखं हसू. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणते, काही नाही, तुम्हाला नाही कळायचं. मी रविवारचा पेपर वाचतो, जाहिराती वाचतो, मग जाहिरातींतल्या चुका काढतो. सरळच लिहितो: मला हेवा वाटला. सायकलीचा वाटला नाही, चिखलाचा तर अजिबात नाही. इतक्या वर्षांच्या संसारात जे हसू माझ्या वाट्याला सणासुदीपुरतं येतं, ते ती दर आठवड्याला एका टेकडीवर उधळून येते, याचा वाटला. मला तिच्याबरोबर जायचं होतं. एवढंच.

पण आडवा आला माझा धंदा. तो तुला माहीत आहे, पण चारचौघांत तू त्याची टिंगल करतोस म्हणून पुन्हा सांगतो. मी मोटार शिकवतो. शिकणारा स्टिअरिंग धरतो, मी शेजारी बसतो आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शहरातली निम्मी माणसं गाडी चालवतात ती माझ्यामुळे, आणि उरलेली निम्मी अजून धडपणे पायी चालतात ती त्या ब्रेकमुळे. आता सवयीला औषध नाही. मी बसमध्ये ब्रेक दाबतो, लिफ्टमध्ये दाबतो, सिनेमात गाडी दरीकडे निघाली की पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या पाठीत दाबतो. पायाबरोबर तोंडही चालतं. तुझी ताई भाजी ढवळत असली तरी मी म्हणतो, हळू, हळू, आता वळव. तिचं म्हणणं असं की स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि ब्रेक आपल्या पायात, ही संसाराची व्याख्या फक्त मलाच सुचू शकते. हे ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचा नंबर काढतानाही सांगते. (डोळ्यांवर यंत्र असल्यामुळे त्यांना पळता येत नाही.)

तर मी येतो म्हटल्यावर तिने भांडी विसळता विसळता अट घातली. “तोंड उघडायचं नाही. वरून खालपर्यंत एक शब्द शिकवायचा नाही. जमलं तर दर रविवारी या. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.” मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. ती नुसती ताट पुसत राहिली, आणि ते मला जास्त लागलं.

रविवारी मी तुझी सायकल बाहेर काढली. (रागावू नकोस. हवा भरलेली होती.) औषधवाल्या बाईंना पंच नेमण्यात आलं. त्यांनी मला खोकल्याची एक गोळी दिली आणि सांगितलं, तोंडात ठेवा, चावू नका, जीभ गुंतून राहील. बाई हुशार आहेत. चढ सुरू झाला. चढाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण माझ्या आठवणीत तो काळोखा आहे. एवढं आठवतं की शेजारच्या पायवाटेने एक बाई बाबागाडी ढकलत मला मागे टाकून गेली, आणि गाडीतल्या बाळाने मान वळवून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. गिअर कुठला टाकायचा हे मला कळत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. दुसऱ्यांना जन्मभर गिअर सांगणाऱ्या माणसाची ही गत. पण मी बोललो नाही, हे लिहून ठेव.

टेकडीच्या माथ्यावर एक बाकडं आहे. तिथे बसून मला त्या वाटेची ओळख करून देण्यात आली. या चौघींनी सगळ्या जागांची बारशी केली आहेत. झाडांची मुळं वर आलेला जो उतार आहे, तो ‘बत्तिशी’, कारण तिथे दात वाजतात. पलीकडून काय येईल याचा पत्ता लागू न देणारं जे वळण आहे, ते ‘सासूबाई’. (तुझ्या आईंबद्दल मला नितांत आदर आहे. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांच्या पोटच्या मुलीने ठेवलेलं आहे. घरात हा भाग वाचून दाखवताना खोकला काढावा.) आणि सगळ्यात शेवटी, सपाटी यायच्या जरा आधी, एक दाट झुडूप आहे. त्याला नाव नव्हतं. आता आहे, आणि ते माझं आहे.

उतरताना पुढे तुझी ताई, तिच्या मागे मी, मागे बाकीच्या. सासूबाईंना वळसा घालून आम्ही बाहेर पडलो आणि समोर बत्तिशी आली. तुझी ताई वेग कमी करीना. मेहुणेबुवा, माझ्या पोटात गोळा आला. (तोंडातली गोळी गिळली गेली, तो वेगळा.) तिने ब्रेक लावायलाच हवा होता. माझ्या शेजारी बसलेल्या कुणीही अशा वेळी ब्रेक लावला नसता, तर मी लावला असता, आणि मी लावला. तोंड बंद ठेवलं आणि उजवा पाय दाबला. सर्व शक्तीनिशी दाबला. सायकलीला तिथे पेडल असतं हे मला ठाऊक आहे, पण पायाला ठाऊक नव्हतं. पाय खाली गेला, सायकलीने उडी मारली. वेग वाढला, म्हणून मी आणखी जोरात ब्रेक दाबला. वेग आणखी वाढला. जितका मी सावध होत गेलो तितका मी उधळत गेलो. बत्तिशीवरून दातांचा ताशा वाजवत मी तुझ्या ताईला मागे टाकलं. मागून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, दाजींच्या अंगात तारुण्य संचारलं. तेवढ्यात शेवटचं वळण आलं, आणि तिथे मी, वाहतुकीचे नियम कोळून प्यायलेला माणूस, वळण्याआधी रीतसर हात बाहेर काढून दाखवला. ज्या हाताने खरा ब्रेक लावायचा होता तोच हात. झुडपाने मला पदरात घेतलं. त्या क्षणी माझ्या तोंडून ‘आई गं’ एवढंच निघालं.

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, नुसतं दुखावलं आहे. कुठलं, तर माकडहाड. (ज्या कुणी त्या हाडाचं बारसं केलं, त्याला त्या दिवशी माझाच कुणीतरी पूर्वज दिसला असावा.) पालथे पडून राहा म्हणाले. राहिलो आहे. तुझी ताई मात्र मी झुडपात उताणा असताना इतकी हसली, इतकी हसली, की पाचोळ्यात फतकल मारून बसली. का हसली कोण जाणे. पण खरं सांगू का, दर रविवारी ती घरी जे उरलंसुरलं हसू आणते, ते आख्खं कसं असतं हे मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. पायांत काटे होते, डोक्यात काड्या होत्या, आणि मला बरं वाटलं. मग पंचांनी मी हरल्याचा निकाल दिला, आणि बरं वाटणं तिथेच संपलं.

बाकी सर्व क्षेम. सासूबाईंना नमस्कार, वळणाचा उल्लेख टाळून. जेवण वेळेवर घे.

तुझा पालथा, तरीही उभ्या घराण्यात उमदा असा,
दाजी

ता. क. – आता पोटातलं ओठावर आणतो. तुझी ताई जगात फक्त तुझं ऐकते. तिला एक पत्र टाक आणि निवाडा दे की ‘आई गं’ ही सूचना होत नाही. त्यात ना वळ आहे, ना थांब आहे, ना क्लच आहे. ती माणसाची मूळ वाचा आहे. त्यावरून मला जन्मभर रविवारच्या जाहिराती वाचायला लावणं हा अन्याय आहे.

ता. क. दुसरा – न्यायाधीशापासून काही लपवू नये म्हणून लिहितो. ‘आई गं’ पंचांनी आधीच माफ केलं होतं. त्यानंतर आणखी एक वाक्य घडलं. मी झुडपात डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत असताना तुझी ताई घाबरून धावत आली, सायकल फेकून माझ्यावर वाकली आणि तिने विचारलं, लागलं का हो? आणि मी तिला म्हणालो, “मागून वाहन येत असेल तर आपण कडेला घ्यायचं असतं.” हसू त्यानंतरचं आहे. निकालही त्यानंतरचाच.

ता. क. शेवटचा – पालथ्या माणसाला पत्र लपवता येत नाही. तुझी ताई मलम घेऊन आली आणि पाठीमागे उभी राहून तिने सगळं वाचलं. सासूबाईंच्या कंसापाशी मला मलम जरा जोरात लागलं. मग म्हणाली, “पुढच्या वेळी तुम्ही पुढे व्हायचं. मी मागून येईन. समोर कुणी दिसलंच नाही तर शिकवाल कुणाला?” मी विचारलं, आणि मला ब्रेक कधी लावायचा ते कोण सांगणार? तर म्हणाली, “मी आहे ना मागे.”

तेव्हा निवाडा पाठवायची तसदी घेऊ नकोस. चाक पाठव.